बिऱ्हाड हलविताना

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांना ‘बिऱ्हाड’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. कोणाचे आजोबा रेल्वेत, कोणाचे जंगलखात्यात, कोणाचे शाळाखात्यात. बदलीचा हुकूम आला की पितळी डबे, पाटा-वरवंटा, पोथ्या आणि देव्हारा गाडीत चढे आणि नव्या गावी दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडला जाई. या धांदलीत घरातील कर्त्या बाईचे तीन वस्तूंवर अखंड लक्ष असे: देव, दागिने आणि कागदपत्रे. बाकीचे सामान मागाहून आले तरी चालेल, या तिन्ही वस्तू मात्र तिच्या हाताखालून हलत नसत.

हे शास्त्र मी माझ्या आईकडून लहानपणीच शिकलो होतो. तरीही ज्या एका बिऱ्हाडात मी तिचाच आवाज ठेवला होता, ते हलविण्याची वेळ आली तेव्हा माझ्या हाताखाली काहीच नव्हते. त्याची ही हकीकत आहे. आज पुष्कळ मराठी कुटुंबांनी आपले कुलवृत्तान्त, जुनी छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी इंटरनेटवर स्वतःच्या संकेतस्थळांच्या रूपाने मांडल्या आहेत, आणि दरवर्षीचे भाडे नको म्हणून ती स्थळे फुकटच्या जागेत नेण्याचा विचार अनेकांच्या मनात आहे. त्यांना ही हकीकत उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

रायपूरहून आलेला फोन

आमचे बिरसा हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. कान्हाचे जंगल जवळ, मलाजखंडची तांब्याची खाण त्याहून जवळ. शाळेत, कचेरीत आणि बाजारात हिंदी. घरात मराठी, आणि तीही झाडीपट्टीच्या वळणाची, जिच्यात ‘ण’चा सर्रास ‘न’ होतो. ही घरातली बोली आपल्याबरोबरच संपेल, या भीतीपोटी २००८ च्या उन्हाळी सुट्टीत मी नागपूरच्या भाच्याकडून एक लहानसे संकेतस्थळ करवून घेतले. त्यावर घरात वापरल्या जाणाऱ्या शब्दांची यादी होती, वडिलांची काही पत्रे होती, जिल्ह्यातील जुन्या मराठी घरांच्या आठवणी होत्या. पुढे २००९ ते २०१४ या काळात आईने गायिलेली ४१ गाणी मी मोबाईलवर मुद्रित करून तेथे ठेविली: जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी. २०१५ साली आई गेली. त्यानंतर रायपूर, दुर्ग, जबलपूर, नागपूर येथील आमचे नातलग ते संकेतस्थळ उघडीत ते मुख्यतः तिच्या आवाजासाठी.

२०२३ च्या एप्रिलअखेरीस रायपूरहून चुलत बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचे लग्न बारा दिवसांवर आले होते. “दादा, मोठ्याईची हळदीची ओवी लावायची म्हणून आम्ही सगळ्या बसलो होतो. पान उघडतच नाही. तिथे दुसरेच काही लिहून येते.”

मी उघडून पाहिले. तेथे जागा रिकामी असल्याची इंग्रजी पाटी होती.

चौकशीअंती जे कळले ते असे. भाच्याने ज्या कंपनीकडून वार्षिक भाड्याने जागा घेतली होती, ती नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या नोकरीतील ई-मेल पत्त्यावर पाठवीत होती. ती नोकरी त्याने केव्हाच सोडली होती. सूचना कोणी वाचल्या नाहीत, भाडे थकले, नंतरची सवलतीची मुदतही उलटली आणि नियमाप्रमाणे सर्व सामान पुसून टाकण्यात आले. कंपनीला दोष देण्यात अर्थ नव्हता. पंधरा वर्षांत मी स्वतः एकदाही विचारले नव्हते की, भाडे कोण भरतो, पावती कोणाच्या नावाने येते आणि घराची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे.

सामान, जागा आणि पत्ता

संकेतस्थळ म्हणजे नेमके काय, हे मला या आपत्तीनंतर प्रथम नीट समजले. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या एकच समजून चालतो. पहिली गोष्ट सामान, म्हणजे आपल्या मजकुराच्या, चित्रांच्या आणि आवाजाच्या फायली. दुसरी जागा, म्हणजे ज्या संगणकावर त्या फायली रात्रंदिवस ठेवलेल्या असतात आणि मागणाऱ्याला पाठविल्या जातात तो संगणक. तिसरी गोष्ट पत्ता, म्हणजे संकेतस्थळाचे नाव. हे नाव वेगळ्या ठिकाणी, वेगळे शुल्क भरून नोंदविलेले असते, आणि या नावाने आलेल्या माणसाला कोणत्या संगणकाकडे पाठवायचे याची नोंद कधीही बदलता येते.

आम्हां बालाघाटकरांना हे कळण्यास १९५६ साल आठवावे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा जिल्हा येथेच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. परंतु पाकिटावरचा पत्ता बदलला नाही. ‘जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश’ असे आदल्या दिवशी लिहीत होते तेच दुसऱ्या दिवशीही लिहिले गेले. त्या नावामागचा कारभार तेवढा एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला. संकेतस्थळाचे नाव असेच असते. नाव आपल्या मालकीचे असेल, तर त्यामागची जागा कितीदाही बदला, येणारा पाहुणा नेमक्या दारी येतो.

आमचे नशीब एवढेच की भाच्याने नाव निराळ्या ठिकाणी नोंदविले होते आणि त्याची मुदत अजून चार महिने शिल्लक होती. जागा गेली होती, सामान गेले होते, पत्ता मात्र उरला होता.

हाती काय लागले

मजकुराचा शोध प्रथम ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये घेतला. अमेरिकेतील ब्रूस्टर काल या गृहस्थांनी १९९६ साली सुरू केलेली ही सार्वजनिक संस्था जगभरच्या संकेतस्थळांची पाने वेळोवेळी उतरवून ठेवते आणि २००१ पासून ती पाने कोणालाही पाहता येतात. आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या स्थळाचीही बरीचशी पाने तेथे निघाली. मात्र पाने उघडली आणि पाहतो तो देवनागरीचा मागमूस नाही. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा नुसता कालवा!

कारण असे की, २००८ साली मी सारा मजकूर कृतिदेव या टंकात केला होता. मध्य प्रदेशच्या कचेऱ्यांत तोच रुळलेला होता. असल्या जुन्या टंकांत संगणकाच्या दृष्टीने अक्षर रोमनच असते, त्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. ज्याच्याजवळ तो मुखवटा नाही त्याला खालचा कालवा दिसतो. मला महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण झाली. त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेविले, ते बुद्धिपुरस्सर, परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून. परिणाम असा झाला की, मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके मराठी माणसाच्याच दृष्टीआड राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते कोडे सोडविल्यावर बाहेर आले. मी मात्र माझी सकळ लिपी अजाणता निर्माण केली होती.

तिची किल्ली सुदैवाने उपलब्ध आहे. जुन्या टंकातील मजकूर युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत बदलणारी साधने फुकट मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि त्या पद्धतीने लिहिलेले अक्षर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मोबाईलवर अक्षरच राहते. परंतु रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो, विशेषतः मराठीचा. हिंदीला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील र लागत नाही, त्यामुळे माझ्या साधनाने तो पुष्कळ ठिकाणी सरसकट रफार करून टाकला. आजोबांच्या एका पत्रात लग्नघरच्या आचाऱ्यांना शिधा दिल्याची नोंद आहे. रूपांतरानंतर तो शिधा आचार्यांना पोहोचला. आणि ‘बिऱ्हाड’ हा शब्द तर एकाही ठिकाणी धड उरला नाही. ३०० पाने मी व माझ्या पत्नीने रोज रात्री थोडी थोडी वाचून शुद्ध केली. त्याला पावसाळा पुरा लागला.

आवाजाची गोष्ट अधिक कठीण होती. आर्काइव्हने पाने उतरविली होती, गाणी उतरविली नव्हती. जुन्या मोबाईलची कार्डे गोदरेजच्या कपाटात चष्म्याच्या घरात निघाली, त्यांवर २७ गाणी होती. भाच्याच्या दोन तबकड्यांपैकी एक वाचता आली, तिच्यावर आणखी ८ मिळाली. दुसरी तबकडी फिरे, थांबे, पुन्हा फिरे. शेवटपर्यंत बोलली नाही. ४१ पैकी ३५ गाणी परत आली. रायपूरच्या बहिणीला हवी असलेली हळदीची ओवी त्यांत नव्हती.

ढगातली फुकट जागा

मिळालेले सामान कोठे मांडावे, हा पुढचा प्रश्न. माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादेस संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला फोन केला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “सर, तुमच्या पानांवर कोणी लॉग-इन करतं का? काही विकायचं आहे का? रोज बदलणारं काही आहे का?” मी म्हटले, काही नाही, पत्रे आहेत, शब्द आहेत, गाणी आहेत. तो हसून म्हणाला, “मग भाडं कशाला भरता, सर?”

त्याने समजावून दिले ते सांगतो. संकेतस्थळे दोन प्रकारची असतात. बँकेचे किंवा रेल्वे आरक्षणाचे पान प्रत्येकाला त्याच्या मागणीप्रमाणे तेथल्या तेथे शिजवून वाढावे लागते. त्यासाठी संगणकाला सतत राबावे लागते आणि खर्च येतो. आपल्या घरगुती स्थळाची पाने म्हणजे डब्यात भरून ठेविलेला फराळ. जो येईल त्याला तोच डबा पुढे करावयाचा. अशा स्थिर पानांना राबणारा संगणक नको, नुसती साठवणुकीची जागा पुरते, आणि साठवण आज फार स्वस्त झाली आहे. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली अशी साठवण मापाप्रमाणे भाड्याने देण्यास आरंभ केला आणि पुढे इतरही त्या धंद्यात उतरले. यालाच लोक ‘क्लाऊड’ म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे: मोठमोठ्या इमारती, त्यांत ओळीने मांडलेले हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे आणि विजेचे बिल. लहान गिऱ्हाइकाची जागा या पसाऱ्यात इतकी नगण्य असते की, कित्येक कंपन्या ती फुकट देऊन टाकतात. त्यातून काही गिऱ्हाइके पुढे मोठी होतात, हा त्यांचा हिशेब.

आम्ही ‘गिटहब पेजेस’ ही सोय निवडली. गिटहब हे मुळात कार्यक्रम लिहिणाऱ्या तंत्रज्ञांचे कोठार. २०१८ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. तेथे कोणालाही फुकट खाते उघडून स्थिर पानांचे संकेतस्थळ ठेवता येते. मर्यादा स्पष्ट लिहिलेल्या आहेत: सारे स्थळ १ गिगाबाइटच्या आत असावे, महिन्याची ये-जा साधारण १०० गिगाबाइटच्या आत असावी, १०० मेगाबाइटहून मोठी एकही फाईल नसावी आणि त्यावर दुकान मांडू नये. आपल्या घरगुती सामानाचा हिशेब करून पाहा. तीन मिनिटांचे एक गाणे मध्यम प्रतीच्या एमपी-थ्री फाइलीत सुमारे ३ मेगाबाइट भरते. आमची ३५ गाणी १०० मेगाबाइटच्या आसपास, पत्रांची छायाचित्रे तितकीच, आणि मजकूर तर चिमूटभर. म्हणजे जागेचा चौथा हिस्साही भरला नाही.

हलविण्याचे काम एका रविवारी झाले. फायली चढविल्या, नंतर नावाच्या नोंदीत जुन्या संगणकाऐवजी नव्या जागेचा निर्देश केला. ही नोंद जगभर पसरण्यास काही तास, क्वचित एखादा दिवस लागतो. सोमवारी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी मोबाईलवर जुनाच पत्ता लिहिला आणि आईचा पाळणा लागला. नव्या जागेचे भाडे शून्य. वर्षाला नावाच्या नोंदणीचे काहीशे रुपये तेवढे भरावे लागतात.

दोन गोष्टी गमवाव्या लागल्या, त्याही सांगतो. जुन्या स्थळावर पाहुण्यांना अभिप्राय लिहिण्याची वही होती. स्थिर पानांत ती चालत नाही, तेथे आता माझा ई-मेल पत्ता दिला आहे. दुसरे म्हणजे फुकट खात्यातून असे स्थळ चालविताना फायलींचे कोठारही सर्वांना खुले राहते. म्हणून वंशावळीतील हयात माणसांच्या जन्मतारखा, फोन क्रमांक आणि घरांचे पत्ते आम्ही काढून टाकले. ओसरी जितकी मोकळी, तितके तिजोरीचे सामान आत ठेवावे, हा नियम येथेही आहेच.

आचंद्रार्क

फुकट जागेचे हे कौतुक वाचून कोणी लगेच सामान बांधावयास घेईल, म्हणून आता दुसरी बाजू. दुसऱ्याची ओसरी ती दुसऱ्याचीच.

‘जिओसिटीज’ नावाची वसाहत १९९४ साली अमेरिकेत सुरू झाली. तेथे जगातील कोणालाही फुकट पान मिळे, आणि लक्षावधी सामान्य माणसांनी आयुष्यातील पहिले संकेतस्थळ तेथे मांडले. १९९९ साली याहू कंपनीने ती वसाहत अब्जावधी डॉलरना विकत घेतली आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, मोडून टाकली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तितकी पाने उतरवून घेतली, म्हणून त्यांतील काही भाग आज पाहावयास मिळतो. आपल्याकडे घराघरांत शिरलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. गूगलच्या ‘ड्राइव्ह’ या साठवणीतून स्थिर संकेतस्थळ चालविता येत असे. ऑगस्ट २०१५ मध्ये ती सोय काढण्याचे जाहीर झाले आणि ऑगस्ट २०१६ अखेर ती बंद पडली. आज ड्राइव्हमध्ये फायली ठेवता येतात, स्थळ मांडता येत नाही. अगदी इंटरनेट आर्काइव्हवरही ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाला आणि काही दिवस त्याची कवाडे बंद राहिली. यांतील कोणी फसविले असे म्हणता येत नाही. फुकट देणाऱ्याने ‘केव्हाही बंद करू’ असे अटींत आधीच लिहिलेले असते. अटी वाचतो कोण!

आमच्या भागात ताम्रपटांची उणीव नाही. बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीस वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला आहे. वाकाटकांचे असे सारे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली एका ग्रंथात संपादून प्रसिद्ध केले. त्याच प्रवरसेनाचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट मोठा मनोरंजक आहे. त्यात एक हजार ब्राह्मणांना एक गाव दान दिले आहे, ते चंद्रसूर्य असेपर्यंत. आचंद्रार्क! मात्र लगेच पुढे अटी आहेत: त्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, तसे केल्यास राजा दान परत घेईल आणि त्याला चोरीचे पाप लागणार नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा दाताही अटींशिवाय जागा देत नव्हता. आजच्या कंपन्या तर आचंद्रार्क हा शब्दही उच्चारीत नाहीत.

आणि बालाघाट जिल्ह्यातच मिळालेल्या दुसऱ्या पृथिवीषेणाच्या ताम्रपटाची कथा आणखी वेगळी. त्यात राजाची वंशावळ येते आणि लेख मध्येच थांबतो. दान कोणते व कोणाला, ते कोरावयाचे राहूनच गेले. तांबे टिकले, मजकूर अपुरा राहिला. टिकाऊ जागा मिळाली म्हणजे काम पुरे झाले असे समजणाऱ्याने हा ताम्रपट ध्यानात ठेवावा.

पुष्कळांच्या हाती

मग टिकते काय? मराठीचा इतिहास याचे उत्तर देतो. म्हाइंभटाने रिद्धपुरास सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते; पंथीयांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. तुकोबांची वाणी संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांच्या वह्यांत उतरली होती. आपल्या काळातील उदाहरण हवे असेल तर हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हा संग्रह लाखाहून अधिक ओव्यांचा. संग्राहक दोघेही आज हयात नाहीत, परंतु शब्द, आवाज आणि गावांची नावे नीट लावून ठेविलेली असल्यामुळे तो दुसऱ्यांच्या हाती सोपविता आला, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर तो लोकांपुढे येत आहे. बिऱ्हाड हलले, सामान सुखरूप पोहोचले.

रायपूरच्या लग्नातही हेच घडले. हळदीची ती ओवी माझ्याजवळ नाही, हे बहिणीला कळविताना मला फार ओशाळल्यासारखे झाले. हळदीच्या दिवशी मांडवात जात्याला सूत बांधले गेले. तेव्हा बहिणीची आई, म्हणजे माझी काकू, वय वर्षे ७९, खुर्ची सोडून खाली बसली आणि तिने ती ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. तीन कडव्यांवर ती अडखळली. दुसऱ्या एका बाईने ती पुरविली. आईकडून दोघींनी ती वेगवेगळ्या लग्नांत उचलली होती. भाच्याने ती त्याच वेळी तीन फोनांवर मुद्रित केली. एक शब्द दोघींचा वेगळा होता; आम्ही दोन्ही पाठ ठेविले आहेत.

संकेतस्थळावर त्या ओवीच्या जागी आता काकूंचा आवाज आहे. शब्द परत मिळाले. आईचा आवाज त्या एका गाण्यापुरता गेला तो गेलाच. बाकीच्या पाच गाण्यांचे शब्दही कोणास आठवत नाहीत. त्यांची नावे मी यादीत तशीच ठेविली आहेत आणि पुढे जागा कोरी सोडली आहे.

घरोघरी करण्याजोगे

या साऱ्यातून जे शिकलो ते चार वाक्यांत सांगण्याजोगे आहे.

पहिले, सामान आधी आपल्या घरात असावे, मग ढगात. मजकूर युनिकोडमध्ये, आवाज एमपी-थ्रीसारख्या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात. एक प्रत घरच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. आमची तिसरी प्रत रायपुरास असते आणि दर दिवाळीला ती उघडून, दोन गाणी लावून पाहिली जाते. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, हे त्या मुक्या तबकडीने मला शिकविले.

दुसरे, जागा फुकटची असली तरी चालेल, पत्ता मात्र स्वतःच्या नावाने विकत घ्यावा. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही मिळू शकतो. फुकट जागा देणारा आपले नावही फुकट देऊ करतो. ते घेतले तर त्याची ओसरी सोडताना पत्ताही सुटतो.

तिसरे, खात्याचा ई-मेल पत्ता नोकरीतला नसावा, कायमचा खाजगी असावा. परवलीचा शब्द, खाते परत मिळविण्याचे संकेतांक आणि नूतनीकरणाची तारीख एका कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. विम्याची तारीख आपण विसरत नाही, तशी हीही विसरू नये.

चौथे, या बिऱ्हाडाचा वारस आजच ठरवावा. आमच्याकडे ते काम रायपूरच्या त्या नववधूने मागून घेतले. लग्नानंतर ती पुण्यास गेली. तेथे मराठी सर्वत्र आहे, पण आमची झाडीपट्टीची मराठी तिला तेथे ऐकू येत नाही, म्हणून ती रविवारी सकाळी गाणी लावते असे तिने कळविले. माझ्या शब्दांच्या यादीतील दोन चुकाही तिने दुरुस्त करून पाठविल्या.

आपल्या घरी एखाद्या जुन्या मोबाईलमध्ये, एखाद्या तबकडीवर, एखाद्या भाच्याच्या खात्यात कोणाचा तरी आवाज पडून असेल. या रविवारी तो काढून, लावून पाहावा. लागला, तर त्याची दुसरी प्रत करावी. लागला नाही, तर ते गाणे येणारी एखादी काकू अजून कोठे आहे का, याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.